क्राइज, निप्स की पिप-आर? ऑपरेशन झालेल्या नवजात बाळाचं दुखणं मोजणाऱ्या तक्त्यांचा आढावा

ऑपरेशननंतर नवजात बाळाला किती दुखतंय हे मोजायचे तक्ते जवळपास फुकटच पडतात. झेरॉक्स काढली, लॅमिनेशन केलं, वॉर्मरच्या (बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्याच्या) दांडीला अडकवलं की झालं. त्यामुळे निवडीचा विचार फारसा होत नाही. एखाद्या सिस्टर आधीच्या नोकरीत जो तक्ता भरायच्या तोच इथेही सुरू होतो, नाहीतर मोबाइलवर जो आधी सापडला तो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची एसएनसीयू (सरकारी रुग्णालयांतले आजारी नवजात बाळांचे विभाग) आणि खासगी एनआयसीयू (नवजात अतिदक्षता विभाग) डोळ्यांसमोर ठेवून हा आढावा लिहिला आहे. कौल आधीच सांगून टाकतो: पूर्ण दिवसांच्या बाळाला क्राइज, कमी दिवसांच्या बाळाला पिप-आर, सुईटोचणीपुरतं निप्स. फ्लॅकचा तक्ता नवजात विभागाच्या भिंतीवर असेल तर तो आजच काढा.

थोडी पार्श्वभूमी. नवजात बाळाच्या नसा कच्च्या असतात, त्याला दुखणं कळत नाही, ही समजूत 1980 च्या दशकापर्यंत डॉक्टरांतही होती. काही बाळांची ऑपरेशनं तर केवळ स्नायू ढिले करणारं औषध देऊन, वेदनाशामकाशिवाय व्हायची. 1987 मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्याच्या ऑपरेशनात कमी दिवसांच्या बाळांचे दोन गट केले. एका गटाला फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक दिलं, दुसऱ्याला दिलं नाही. ज्यांना दिलं नाही त्यांच्या शरीरातला ताणाचा उसळता प्रतिसाद रक्ताच्या तपासण्यांत दिसला, आणि ऑपरेशननंतर त्यांची तब्येतही जास्त बिघडली. या कामात पुढे असलेले डॉ. कनवलजीत सिंग आनंद इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजातून शिकून तिकडे गेलेले. रावेर-बऱ्हाणपूरकडून पेशंट इंदूरला नेणाऱ्या आपल्या भागाला हे नातं ठाऊक असायला हरकत नाही. त्यानंतरच्या दहा वर्षांत एकामागून एक तक्ते आले. निप्स 1993 चा, क्राइज 1995 चा, पिप 1996 चा, आणि पिपची सुधारलेली आवृत्ती पिप-आर मात्र बरीच नंतर, 2014 ची.

क्राइजपासून सुरुवात करू, कारण तो मुळात ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठीच बनवलेला आहे. अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठातल्या क्रेचेल आणि बिल्डनर यांनी तो तयार केला. गर्भाच्या 32 आठवड्यांपासून पुढच्या बाळांसाठी आहे. बाबी पाच, प्रत्येकीला 0, 1 किंवा 2, एकूण 10. चार किंवा जास्त आले की औषधाचा विचार.

रडणं: रडत नाही किंवा आवाज नेहमीचा असेल तर 0, आवाज चिरका पण उगी केल्यावर शांत होतं तर 1, काही केल्या शांत होत नाही तर 2. ऑक्सिजन: सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) 95 च्या वर ठेवायला ऑक्सिजन लागतच नसेल तर 0, 30 टक्क्यांपर्यंत लागत असेल तर 1, त्याहून जास्त लागला तर 2. नाडी आणि बीपी: ऑपरेशनआधीच्या आकड्यांइतकेच किंवा कमी असतील तर 0, वाढलेत पण 20 टक्क्यांच्या आत तर 1, त्याहून जास्त वाढलेत तर 2. चेहरा: काही नाही तर 0, वेदनेने आक्रसला तर 1, आक्रसलेला आणि सोबत कण्हणंही असेल तर 2. झोप: गेला तासभर सलग झोप असेल तर 0, मधेमधे दचकून उठत असेल तर 1, सारखं जागं असेल तर 2.

वाचायला सोपं आहे, पण भरताना चार ठिकाणी गाडी अडते.

पहिली अडचण पायाभूत आकड्यांची. 20 टक्के वाढ कशाच्या तुलनेत? बाळ शांत असताना, ऑपरेशनला नेण्याआधी घेतलेल्या नाडी-बीपीच्या तुलनेत. हे आकडे तक्त्याच्या डोक्यावरच लिहून ठेवायचे, आणि 20 टक्क्यांची रेषासुद्धा तेव्हाच काढून ठेवायची. नाडी 140 असेल तर रेषा 168 वर. सरासरी बीपी 45 असेल तर 54 वर. रात्री तीन वाजता आठ बाळं सांभाळणाऱ्या सिस्टरकडून टक्केवारी काढायची अपेक्षा ठेवली की तो रकाना अंदाजे भरला जाणार हे नक्की. ऑपरेशनआधी बाळ रडत असताना घेतलेली नाडी पायाभूत धरली तर उलटी फसवणूक होते. ती आधीच 170 असते, मग नंतर कितीही दुखलं तरी गुण शून्य.

दुसरी, बीपी कधी घ्यायचं. शेवटी. आधी लांबूनच चेहरा, झोप, रडणं पाहून घ्यायचं, मग मॉनिटरवरची नाडी आणि सॅच्युरेशन, आणि सगळ्यात शेवटी बीपीचा कफ, म्हणजे दंडावरचा पट्टा, फुगवायचा. उलट्या क्रमाने गेलात तर कफच्या दाबाने बाळ जागं होतं, रडतं, आणि तुम्ही स्वतः निर्माण केलेलं रडणं तक्त्यात दुखणं म्हणून जातं. बरेचसे फुगलेले आकडे याच एका चुकीतून येतात.

तिसरी अडचण ऑक्सिजनच्या रकान्याची, आणि ती जास्त धोक्याची. सॅच्युरेशन फक्त दुखण्याने खाली येत नाही. फुप्फुसाचा भाग मिटला, छातीत हवा साठली, किंवा मॉर्फिन जास्त झालं आणि श्वास मंदावला, तरी ऑक्सिजनची गरज वाढते. शेवटच्या प्रकारात काय होतं बघा: औषध जास्त झालं, सॅच्युरेशन उतरलं, ऑक्सिजन वाढवला, तक्त्यात 2 गुण चढले, आणि गुण चढले म्हणून आणखी मॉर्फिन. हे चक्र ओळखायची खूण साधी आहे. दुखणाऱ्या बाळाचा चेहरा बोलतो आणि श्वास जोरात चालतो. गुंगीतल्या बाळाचा चेहरा सैल, हात लुळे, श्वास तुटक. ऑक्सिजनचे 2 गुण आहेत पण चेहरा आणि झोप दोन्ही 0, असा मेळ दिसला तर वेदनाशामकाच्या ट्रेकडे हात न्यायचा नाही. श्वास मोजायचा, छातीला स्टेथो लावायचा आणि डॉक्टरांना उठवायचं.

चौथी, कमी दिवसांच्या बाळाची. क्राइज म्हणतो 95 च्या वर ठेवा. पण ऑक्सिजनवर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं सॅच्युरेशन साधारण 90 ते 95 मध्येच ठेवायचं असतं, नाहीतर डोळ्यांच्या पडद्याला धोका (हाच आरओपी). म्हणजे तक्ता आणि आरओपीचा नियम एकमेकांविरुद्ध जातात. तक्ता 32 आठवड्यांपासून चालतो असं म्हणत असला तरी ऑक्सिजनवर असलेल्या 32-33 आठवड्यांच्या बाळाला आम्ही क्राइज लावायला सांगणार नाही.

आपल्याकडची एक गोष्ट कुठल्याच मूळ तक्त्यात सापडणार नाही, ती म्हणजे एप्रिल-मे. जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास असतो, लाइट गेलेली असते, एसी जनरेटरवर घेतलेला नसतो. बाळाचं अंग 38 ला पोचतं आणि नाडी आपोआप वाढते. वॉर्मरचा तापमान मोजणारा त्वचेवरचा प्रोब घामाने सुटला तर आणखी घोटाळा. यंत्राला वाटतं बाळ थंड पडलंय, आणि ते पूर्ण ताकदीने तापवायला लागतं. म्हणून नाडीच्या रकान्यात 1 किंवा 2 लिहिण्याआधी काखेतलं तापमान घ्या आणि प्रोब चिकटलेला आहे का ते बोटाने चाचपून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. ऑपरेशननंतर पाणी कमी पडलं, रक्त गेलं, डोपामिन (बीपीचं औषध) किंवा कॅफिन (श्वासाचं औषध) चालू असलं, तरीही नाडी वाढते. नाडी वर आणि बीपी खाली हा जोड दुखण्याचा नव्हेच. तो रक्तस्रावाचा किंवा पाणी कमी पडल्याचा समजून तसंच पळायचं.

इतकं सगळं असूनही पूर्ण दिवसांच्या बाळासाठी आमची पहिली पसंती क्राइजलाच. गुदद्वार नसलेल्या बाळाची कोलोस्टॉमी (आतड्याचं तोंड पोटावर काढणं), लहान आतड्यातल्या अडथळ्याचं ऑपरेशन, अन्ननलिकेची जोडणी, हर्निया अशा ऑपरेशनांनंतर पहिले दोन-तीन दिवस तो पुरतो, शिकवायला अर्धा तास लागतो आणि भरायला दोन-तीन मिनिटं. तासाभराचं निरीक्षण असल्यामुळे एका क्षणाच्या रडण्यावर निकाल लागत नाही. मात्र ड्युटी बदलतानाचा गुण आदल्या सिस्टरनेच द्यावा. नुकत्याच आलेल्या सिस्टरने बाळाची गेल्या तासाची झोप पाहिलेलीच नसते.

निप्सबद्दल थोडक्यात. ओटावाच्या बालरुग्णालयातला तक्ता, बाबी सहा: चेहरा, रडणं, श्वास, हात, पाय, जागेपण. रडण्याला 2 पर्यंत, बाकी सगळ्यांना 0 किंवा 1, एकूण 7. तीनच्या वर गेलं की दुखणं आहे असं धरतात. यंत्र लागत नाही, बीपी लागत नाही, म्हणून तो आवडता आहे. टाचेतून रक्त घेणं, ड्रिप लावणं, ड्रेसिंग बदलणं, छातीतली नळी काढणं, अशा वेळी याहून सोयीचं काही नाही. श्वासाची नळी घातलेल्या बाळाचा आवाज येत नाही, तरी तोंड आणि चेहरा रडल्यासारखा हलत असेल तर रडण्याचे गुण द्यायचे, हेही त्यात स्पष्ट आहे. पण ऑपरेशननंतरच्या संथ, तासन् तास टिकणाऱ्या दुखण्यात तो कमी पडतो. दुसऱ्या दिवशी बाळ थकलेलं असतं. हातपाय झाडायची ताकद नसते, ते नुसतं पडून भुवया आक्रसतं. निप्समध्ये अशा बाळाला 1 मिळतो आणि फाइलमध्ये जातं: आराम आहे.

या थकलेल्या, गप्प बाळाचीच आम्हाला जास्त काळजी वाटते. रडणाऱ्या बाळाकडे सगळे बघतात, त्याची आजी दारातून हाक मारते, मावशी सिस्टरला बोलावते. नुसतं कपाळ आक्रसून पडलेल्या, 1400 ग्रॅमच्या बाळाकडे कोणी बघत नाही. पिप-आर त्याच्यासाठी आहे.

पिप-आरची खुबी अशी की कमी दिवसांचं बाळ कमीच प्रतिसाद देणार हे तो आधीच धरून चालतो. बाबी सात, प्रत्येकीला 0 ते 3. नाडी किती ठोक्यांनी वाढली, सॅच्युरेशन किती उतरलं, भुवयांचा फुगवटा, डोळे घट्ट मिटणं, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी, आणि मग गर्भाचे आठवडे आणि बाळाची जागृतावस्था. आधी 15 सेकंद बाळाला हात न लावता पाहायचं, नंतर 30 सेकंद. चेहऱ्याच्या तिन्ही बाबी सेकंदांत मोजायच्या: 3 सेकंदांच्या आत असेल तर 0, 10 पर्यंत 1, 20 पर्यंत 2, पुढे 3. नाडी 5 ते 14 ने वाढली तर 1, 15 ते 24 ने तर 2, त्याहून जास्त तर 3. सॅच्युरेशन 3 ते 5 ने उतरलं तर 1, 6 ते 8 ने तर 2, त्याहून जास्त उतरलं किंवा ऑक्सिजन वाढवावा लागला तर 3.

एक उदाहरण सोडवून बघू. 30 आठवड्यांचं बाळ, पोटाचं ऑपरेशन कालच झालेलं, पाहायला सुरुवात केली तेव्हा चुळबुळत्या झोपेत. नाडी 150 वरून 168 ला गेली, म्हणजे 18 ने वाढ: 2. सॅच्युरेशन 94 वरून 90: 1. भुवया 8 सेकंद: 1. डोळे 12 सेकंद: 2. नाकाजवळची घडी 5 सेकंद: 1. बेरीज 7. बेरीज शून्य नाही म्हणून आता आठवड्यांचे गुण मिळवायचे: 28 ते 31 आठवड्यांना 2. चुळबुळत्या झोपेचे आणखी 2. एकूण 11. सहापर्यंत किरकोळ, 7 ते 12 मध्यम, 12 च्या वर तीव्र. म्हणजे मध्यम दुखणं आहे आणि काहीतरी करायला हवं. याच बाळाला रडण्यावरून जोखलं असतं तर शून्याच्या आसपास गेलं असतं, कारण ते रडलंच नाही. पहिल्या पाच बाबींची बेरीज शून्य असेल तर मात्र आठवड्यांचे आणि झोपेचे गुण मिळवायचे नाहीत. ही अट 2014 च्या आवृत्तीत आली. जुन्या पिपच्या झेरॉक्सवर ती नसते, त्यामुळे गाढ झोपलेल्या, मजेत असलेल्या 27 आठवड्यांच्या बाळालाही 6 गुण पडतात. तुमच्याकडचा कागद कुठला आहे ते तपासून घ्या.

त्रास कुठे होतो? एकाच माणसाला 30 सेकंदांत चेहरा आणि मॉनिटर दोन्ही पाहता येत नाहीत. दोघी लागतात: एकीची नजर चेहऱ्यावर, दुसरीची आकड्यांवर आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर. शिवाय चेहरा दिसायला हवा. फोटोथेरपीखाली (काविळीसाठीच्या लाइटखाली) डोळ्यांवर पट्टी असते, म्हणजे डोळ्यांची बाब गेली. नाकातून घातलेल्या नळीची चिकटपट्टी गालावरून आडवी मारलेली असते, म्हणजे घडीची बाब गेली. उरल्या भुवया. तिथेही टोपी खाली ओढलेली असेल तर सगळंच गेलं. उपाय साधे आहेत. लाइट दोन मिनिटं बंद करून पट्टी सरकवायची, टोपी केसांच्या रेषेपर्यंत वर घ्यायची, नळी चिकटवताना पट्टी नाकाच्या शेंड्यावरून आणि वरच्या ओठावर आखूड लावायची, गालभर नाही. ज्या युनिटमध्ये रात्री एकच सिस्टर असते तिथे पिप-आर प्रत्येक तासाला होणार नाही हे मान्य करा आणि चार तासांनी का होईना, नीट करा. तासातासाला अंदाजे भरलेल्या ओळींपेक्षा ते बरं.

फ्लॅकचं काय वाईट? काहीच नाही, तो दोन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, एवढंच. बालरोग वॉर्डातून तो नवजात विभागात येतो कारण पोस्टर रंगीत असतं.

रॉटरडॅममधून 2009 मध्ये आलेला कम्फर्ट-निओ मात्र आपल्याकडे उगाच दुर्लक्षित राहिला आहे. दोन मिनिटं नुसतं पाहायचं. सतर्कता, अस्वस्थपणा, व्हेंटिलेटरवर असेल तर श्वासाचा प्रतिसाद आणि नसेल तर रडणं, हालचाल, चेहऱ्याचा ताण, स्नायूंचा ताण. प्रत्येकाला 1 ते 5, एकूण 6 ते 30, आणि 14 पासून पुढे लक्ष घालायचं. नाडी नाही, बीपी नाही, ऑक्सिजन नाही. म्हणजे मॉनिटर बिघडलेला असो की बाहेर 45 अंश असोत, फरक पडत नाही. व्हेंटिलेटरवरच्या बाळालाही लागतो. पण 1 ते 5 मधल्या पायऱ्या बारीक आहेत, आणि शिकल्याशिवाय दोन सिस्टरांचे गुण जुळत नाहीत. दोघींनी एकाच वेळी, एकमेकींचा कागद न बघता तेच बाळ भरायचं आणि कुठल्या बाबीत फरक पडला ते बोलायचं. महिनाभर असं करायची तयारी असेल तर आम्ही क्राइजऐवजी हाच घ्या म्हणू. एन-पास या आणखी एका तक्त्याचं वैशिष्ट्य म्हणजे दुखणं आणि गुंगी दोन्ही एकाच कागदावर, आणि मॉर्फिनचं इन्फ्यूजन चालू असलेल्या बाळासाठी ते उपयोगी. इतरांना त्याची गरज नाही.

कुठलाही तक्ता चालत नाही अशी एक अवस्था आहे. वेक्युरोनियम किंवा अट्राक्युरियम ही स्नायू ढिले करणारी औषधं चालू असलेलं बाळ. स्नायूच बंद, मग चेहरा कसला आणि हातपाय कसले? तिथे गुण 0 लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं आहे. रकान्यात ‘स्नायू शिथिल, मोजता येत नाही’ असं लिहायचं, दुखतंय असं धरून चालायचं आणि वेदनाशामक घड्याळाप्रमाणे द्यायचं. नाडी-बीपी अचानक उसळणं आणि डोळ्यांतून पाणी येणं एवढ्याच खुणा हाती राहतात.

भूल देण्याच्या पद्धतीचाही तक्त्यावर परिणाम होतो, आणि तो फाइलमध्ये लिहिलेला नसतो. हर्नियाच्या ऑपरेशनाला पाठीतून भूल दिली असेल तर तासा-दीड तासात ती उतरते. कॉडल ब्लॉक (माकडहाडाजवळून दिलेली भूल) काही तास टिकतो. तोवर गुण 0-1 येत राहतात, आणि मग एकदम 6. ‘आत्तापर्यंत बरं होतं, आता किरकिर करतंय, भूक लागली असेल’ हे वाक्य अशाच वेळी ऐकू येतं. ब्लॉक कधी दिला ती वेळ तक्त्यावर लिहिली, तर तो उतरायच्या आधी पॅरासिटामॉल देता येतं.

भुकेचा गोंधळ खरा आहे, कारण आतड्याचं ऑपरेशन झालेलं बाळ उपाशीच असतं. भुकेलं बाळ तोंड फिरवून शोधतं, हात तोंडाकडे नेतं, चोखायला स्वच्छ बोट दिलं की काही वेळ तरी थांबतं. दुखणारं बाळ भुवया खाली ओढतं, डोळे घट्ट मिटतं, तोंड ताणून उघडतं, जीभ ताठ आणि कडा वर वळलेली, आणि चोखणं सुरू करून मधेच सोडतं. नुसत्या आवाजावरून ओळखण्याचा दावा कोणी करू नये. आईला विचारावं. धडगाव-अक्कलकुव्याकडची आई पावरी किंवा भिली बोलत असेल तर आशाताईला मधे घ्यावं. अहिराणी माय ‘पोर कसाले रडी राह्यनं’ म्हणत तीनदा येऊन गेली असेल तर तेही लिहावं. कुठल्याच तक्त्यात आईच्या मताला रकाना नाही, आणि हा सगळ्यांचाच दोष आम्हाला वाटतो. समासात पेनाने एक रकाना आखा. बाळ शांत करायला घरून आणलेली गुटी किंवा मध मात्र देऊ द्यायचा नाही, हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवायला हवं.

गुण चढले म्हणून लगेच औषध असंही नाही. आधी दोन मिनिटांची फेरी. ड्रिपचा हात सुजलाय का? गार आणि टणक लागला तर ड्रिप बाहेर गेली आहे, ती काढा. पोटाची नळी तुंबून पोट फुगलंय का? लघवीची नळी मुडपली आहे का? स्प्लिंटची पट्टी करकचून बसली आहे का? कोलोस्टॉमीची पिशवी भरून कातडी ओढते आहे का? मग हातपाय पोटाशी दुमडून दोन्ही तळहातांनी धरून ठेवायचं, मऊ कापडात गुंडाळायचं, चोखायला द्यायचं, सर्जननी परवानगी दिली असेल तर आईच्या छातीवर. 24 टक्क्यांचं साखरपाणी टोचणीपुरतं ठीक आहे. ऑपरेशनच्या जखमेवर तो उपाय नव्हे.

औषधाचा तपशील तुमच्या डॉक्टरांच्या प्रोटोकॉलचा, पण एक धोका इथे सांगायलाच हवा. शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलची 100 मिलीची बाटली म्हणजे 1000 मिलिग्रॅम, म्हणजे 1 मिलीत 10 मिलिग्रॅम. तीन किलोच्या बाळाला किलोमागे 7.5 मिलिग्रॅमने 22.5 मिलिग्रॅम लागले, तर ते होतात 2.25 मिली. मिलिग्रॅमचा आकडा मिली समजून सिरिंजमध्ये भरला की डोस दहापट. ऑर्डर लिहिताना दोन्ही एककं लिहा, डोस सिरिंजमध्ये काढून 15 मिनिटांत द्या, आणि बाटली नवजात बाळाच्या स्टँडला कधीही लटकवू नका. पॅरासिटामॉल वेळेवर चालू असेल तर मॉर्फिन बरंच कमी लागतं. रॉटरडॅमच्या 2013 च्या अभ्यासात मोठं ऑपरेशन झालेल्या वर्षाखालच्या बाळांत ते सुमारे दोन तृतीयांशाने कमी लागलं.

आता तक्त्याच्या छपाईबद्दल. आम्ही पाहिलेल्या बहुतेक झेरॉक्समध्ये गुणांचा रकाना आहे, पण ‘काय केलं’ आणि ‘नंतरचा गुण’ हे रकाने नाहीत. मग फाइलमध्ये 6 लिहिलेलं असतं, खाली चार तासांनी पुन्हा 6, आणि मधे काय झालं याचा पत्ता नाही. शिरेतून औषध दिल्यावर साधारण अर्ध्या तासाने आणि तोंडाने किंवा गुदद्वारातून दिल्यावर तासाभराने परत मोजायचं. आडव्या कागदावर पाच रकाने पुरतात: वेळ, गुण, काय केलं, परत कधी मोजलं, परतचा गुण. रात्रभर एकसारखे 2, 2, 2, 2 दिसले तर तो तक्ता बाळाजवळ उभं न राहता भरलाय हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

पूर्ण ओळ वाचायची सवय लागली की तक्ता आणखी एक काम करतो. ऑपरेशननंतर गुण दिवसागणिक उतरत जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, 1-2 वर आलेले गुण परत 5-6 ला चढले तर औषध वाढवण्याआधी पोट बघा: ताणलंय का, लाल झालंय का, नळीतून हिरवं येतंय का, जखम ओली आहे का. जोडलेलं आतडं सुटलेलं असू शकतं. आणि पाच-सहा दिवस मॉर्फिन किंवा फेंटानिल घेतलेल्या बाळाला ते एकदम बंद केलं की थरथर, शिंका, सततचं रडणं सुरू होतं. हे तक्त्यात हुबेहूब दुखण्यासारखं दिसतं.

हा मुद्दा परत आलेल्या बाळांना विशेष लागू आहे. आपल्याकडची कितीतरी बाळं ऑपरेशनला नाशिक, संभाजीनगर, मुंबईला, नंदुरबारची तर सुरतला जातात आणि चार-सहा दिवसांनी जिल्ह्याच्या एसएनसीयूत परत येतात. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव आणि अँटिबायोटिक असतं, बाकी काही नाही. बाळ निघण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा: शेवटचा गुण किती आणि कुठल्या तक्त्याचा, शेवटचं वेदनाशामक किती वाजता, मॉर्फिन किंवा फेंटानिल एकूण किती दिवस, आणि शांत असतानाची नाडी-बीपी किती. तक्त्याचं नाव विचारायला विसरू नका. क्राइजचा 6 आणि पिप-आरचा 6 यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

उरलं यंत्र. ईसीजीमधल्या ठोक्यांच्या अंतरातला बारीक बदल वाचून 0 ते 100 मधला आकडा दाखवणारे नवजात बाळांचे मॉनिटर परदेशात वापरात आहेत, फ्रान्सचं नाइप हे त्यातलं ओळखीचं नाव. ठोके अनियमित असतील, अॅट्रोपिन दिलं असेल किंवा बीपी वाढवणारी औषधं चालू असतील तर त्याचाही आकडा भरवशाचा राहत नाही. नेमकी हीच बाळं आपल्याला मोजायला अवघड जातात. त्या खर्चाचा विचार करणाऱ्या युनिटने आधी बीपीचे नवजात कफ मोजावेत. 1 ते 5 नंबरांतले सगळे लागतात, कारण कफची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण 40 ते 50 टक्के असावी लागते. अरुंद कफ बीपी खोटं वाढवून दाखवतो, आणि ती वाढ थेट क्राइजमध्ये गुण बनून जाते. मागवताना 1 आणि 2 नंबरचे जास्तीचे घ्या. त्यांची चिकटपट्टी सगळ्यात आधी जाते, आणि मग त्यावर मायक्रोपोर लावून काम चालवलं की फुगताना कफ सुटतो.